तांब्याचा पैसा : दर्शनी किंमत, धातूची किंमत आणि इतिहासाचा पुरावा



समजा, बेंगळुरूच्या जुन्या पेठेतल्या एका घराची आवराआवर चालू आहे. माळ्यावर पत्र्याचा गंजलेला डबा सापडतो. उघडून पाहावे तर आत काळपट-हिरवी नाणी. काहींवर राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा, काहींच्या मधोमध भोक, आणि दोन-चार जाड नाण्यांवर हत्ती. घरातला एक जण म्हणतो, "गुजरीवाल्याला वजनावर देऊन टाका, तांब्याला सध्या भाव आहे." दुसरा म्हणतो, "थांबा, अशी नाणी लाखाला जातात असे मी मोबाईलवर पाहिले आहे." आजी म्हणते, "देव्हाऱ्यात ठेवा."

तिघांपैकी कोणाचे ऐकावे? तुम्ही इतिहासाचे विद्यार्थी असाल तर या घरगुती वादातून एक मोठा प्रश्न समोर येतो. नाण्याची किंमत नेमकी कशात असते? आणि नाण्यातला धातू नाण्याहून महाग झाला की त्या नाण्याचे, ते काढणाऱ्या राज्याचे आणि पुढे इतिहास लिहिणाऱ्याचे काय होते?

या टिपणात आपण हा प्रश्न तांब्याच्या नाण्यांपुरता पाहणार आहोत. उदाहरणे मुख्यतः बेंगळुरू व म्हैसूर राज्यातली आहेत. जोडीला महाराष्ट्रातली शिवराई आणि ब्रिटिशकालीन पैसा घेऊ. हे टिपण वाचून झाल्यावर तुम्हाला पुढील तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत : दर्शनी किंमत व धातूची किंमत यांतला फरक, तांब्याचा पैसा हलका होत जाऊन शेवटी नाहीसा का झाला, आणि संग्रहालयात दिसणारी नाणी म्हणजे त्या काळच्या बाजारातली सगळी नाणी नव्हेत, हे का लक्षात ठेवावे लागते.

१. एका नाण्याच्या तीन किमती

नाण्यावर छापलेली किंवा सरकारने ठरवलेली किंमत ही दर्शनी किंमत. ते वितळवले असता हाती येणाऱ्या धातूचा बाजारभाव ही धातूची किंमत. आणि संग्राहक किंवा अभ्यासक त्यासाठी जे मोजतो ती संग्राह्य किंमत. पहिली राज्य ठरवते, दुसरी बाजार ठरवतो, तिसरी दुर्मिळपणा आणि नाण्याची स्थिती यांवर अवलंबून असते.

आता हिशेब करून पाहू. जुन्या पद्धतीत १ रुपया म्हणजे १६ आणे, १ आणा म्हणजे ४ पैसे, १ पैसा म्हणजे ३ पै. म्हणजे एका रुपयाचे ६४ पैसे. 'पाव आणा' असे लिहिलेले नाणे म्हणजेच हा पैसा. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने पाव आण्याचे वजन १०० ग्रेन, म्हणजे सुमारे ६.४८ ग्रॅम ठरवले. व्हिक्टोरियाच्या काळातही हेच वजन राहिले.

तांब्याचा भाव रोज बदलतो. उदाहरणापुरता किलोला ८०० रुपये धरू, म्हणजे ग्रॅमला ८० पैसे. मग :

• व्हिक्टोरियाचा पाव आणा (तांबे, ६.४८ ग्रॅम) : धातूची किंमत सुमारे ५ रुपये २० पैसे.
• १९०६ नंतरचा पाव आणा (कासे, ४.८६ ग्रॅम, त्यात सुमारे ९५ टक्के तांबे) : सुमारे ३ रुपये ७० पैसे.
• १९४३ चा भोकाचा पैसा (कासे, सुमारे २ ग्रॅम) : सुमारे दीड रुपया.
• १९५७ चा नवा पैसा (कासे, १.५ ग्रॅम) : सुमारे १ रुपया १० पैसे.

व्हिक्टोरियाची १५४ नाणी जमली की १ किलो तांबे होते. त्या १५४ नाण्यांची दर्शनी किंमत होती २ रुपये ४० पैशांच्या आसपास. म्हणजे ज्या दिवशी तांब्याचा बाजारभाव किलोला सुमारे २ रुपये ४० पैशांच्या वर जातो, त्या दिवसापासून हे नाणे खर्च करण्यापेक्षा वितळवण्यात फायदा आहे. अशा बिंदूला आपण 'वितळबिंदू' म्हणू. हा शब्द येथे अर्थशास्त्रीय अर्थाने घ्यावा, भट्टीच्या तापमानाशी त्याचा संबंध नाही.

हिशेब पाहून डब्याच्या मालकाला आनंद होईल. पण घाई करू नका. त्याच काळात पणजोबांनी ६४ तांब्याच्या पैशांऐवजी चांदीचा एक रुपया ठेवला असता तर? ६४ पैशांचे तांबे सुमारे ४१५ ग्रॅम, म्हणजे वरच्या भावाने सुमारे ३३० रुपये. चांदीच्या रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असे. चांदीचा भाव उदाहरणापुरता ग्रॅमला १०० रुपये धरला तरी १,०७० रुपये होतात. व्यवहारात दोन्ही एकच रुपया होते. ज्याच्या हातात रुपया टिकत असे त्याची बचत चांदीत झाली. रोजच्या मजुरीतून पैसा-पैसा बाजूला टाकणाऱ्याची तांब्यात झाली. धातूच्या किमतीचा इतिहास हा असा वर्गांचाही इतिहास असतो.

२. तांबे हे बाजाराचे नाणे

सोन्याचा होन आणि चांदीचा रुपया यांवर राजांचे नाव मोठे दिसते. पण बाजारहाट चालत असे तो तांब्यावर. याची साक्ष भाषाच देते. मराठीत आपण धनालाच 'पैसा' म्हणतो, आणि पैसा हे तांब्याच्या नाण्याचे नाव. कन्नडमध्ये पैशांना 'दुड्डु' म्हणतात, कोकणीत 'दुडू'. हेही मुळात तांब्याच्या नाण्याचेच नाव. दक्षिणेतल्या 'कासु' या छोट्या नाण्याला इंग्रज 'कॅश' म्हणू लागले. मराठीतले 'पै न् पै चा हिशेब', 'दमडीची किंमत नाही', 'ढब्बू पैसा' हे सगळे शब्द तांब्याच्या बाजारातून आलेले आहेत.

मराठी मुलखातली शिवराई तुम्हाला ठाऊक असेल. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या, म्हणजे १६७४ च्या सुमारास सुरू झालेले हे तांब्याचे नाणे. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', भोवती ठिपक्यांचे वर्तुळ. वजन साधारण १० ते १३ ग्रॅम. पुढे पेशवाईत अनेक ठिकाणी, टांकसाळीचे मक्ते देऊन, शिवराया पाडल्या गेल्या. त्यामुळे अक्षरांची वळणे आणि वजने निरनिराळी दिसतात. १८१८ मध्ये पेशवाई गेली तरी शिवराई लगेच गेली नाही. इंग्रजी अमलातही ती बाजारात कितीतरी वर्षे चालत राहिली.

याच काळात म्हैसूरकडे वेगळी नाणी चालत. हैदर अलीच्या अखेरच्या वर्षांत तांब्याच्या नाण्यावर हत्ती आला आणि टिपू सुलतानाने ती खूण पुढे चालवली. टिपूने आपल्या नाण्यांना ग्रह-ताऱ्यांची नावे दिली. पैशाला 'जोहरा', म्हणजे शुक्र. अर्ध्या पैशाला 'बहराम', म्हणजे मंगळ. पाव पैशाला 'अख्तर', म्हणजे तारा. पैशाच्या आठव्या भागाला 'कुत्ब', म्हणजे ध्रुव. दोन पैशांचे जड नाणे आधी 'उस्मानी' आणि नंतर 'मुश्तरी', म्हणजे गुरू. जोहराचे वजन सुमारे ११ ग्रॅम. श्रीरंगपट्टण, नगर, बेंगळुरू, धारवाड अशा अनेक ठिकाणी त्याच्या टांकसाळी होत्या. धारवाडला त्याने 'खुर्शीद सवाद' असे नाव दिले होते आणि ते नाण्यावर येते. नाण्यावरचे टांकसाळीचे नाव हा म्हणूनच राज्याच्या सीमांचा पुरावा ठरतो.

३. बेंगळुरूची टांकसाळ आणि तिच्या नाण्यांचे नंतर काय झाले

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला आणि इंग्रजांनी तिसऱ्या कृष्णराज वडेयरांना गादीवर बसवले. त्यांच्या तांब्याच्या नाण्यांवरही हत्ती राहिला. नंतरच्या नाण्यांवर सिंह आला आणि चामुंडीचे नाव आले. २० कासूच्या नाण्यावर कन्नड, फारसी आणि इंग्रजी अशा तीन लिपी एकत्र दिसतात. एकच नाणे पेठेतला दुकानदार, दरबारातला मुनशी आणि छावणीतला गोरा अधिकारी या तिघांना वाचता यावे, अशी ती सोय होती.

१८३१ मध्ये इंग्रजांनी राज्याचा कारभार आपल्या हाती घेतला आणि कमिशनरांचे ठाणे बेंगळुरूला आले. १८३३ मध्ये टांकसाळही म्हैसूरहून बेंगळुरूला हलली. १८४३ मध्ये ती बंद झाली. त्यानंतर म्हैसूर राज्यात कंपनी सरकारचेच नाणे मुख्य झाले.

आता येथे थांबून विचार करा. टांकसाळ बंद झाली म्हणजे लोकांच्या गाठीची नाणी एका रात्रीत नाहीशी झाली नाहीत. ती बाजारात फिरत राहिली; पण त्यांच्यामागे आता राज्य उभे नव्हते. सराफ ती वजनावर आणि बट्टा कापून घेऊ लागणार. बट्टा जसा वाढेल तशी दर्शनी किंमत खाली येईल. धातूची किंमत मात्र जागच्या जागी राहील. मग एक दिवस असा येतो की नाणे घेऊन दुकानात जाण्यापेक्षा तांबटाकडे गेलेले बरे. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे : मोड. जुनी भांडी मोडीत घालून नवी घ्यायची, तसेच जुने नाणे मोडीत जाते. आपण एखादी गोष्ट 'मोडीत काढली' असे म्हणतो, तेव्हा धातूच्या बाजारातलाच हा व्यवहार बोलत असतो.

तांबटाच्या भट्टीला नाण्यावर हत्ती आहे की छत्रपतींचे नाव, याने फरक पडत नाही. जोहराच्या ९० नाण्यांचा एक किलो तांबे होतो. त्यातून घागर किंवा हंडा होतो. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी असो की दक्षिणेतल्या गावोगावचे तांबट, जुने तांबे हा त्यांचा कच्चा माल. एकोणिसाव्या शतकातले नाणेसंग्राहक जुनी नाणी धुंडाळायला बाजारातल्या सराफांकडे आणि तांबटांकडे जात, याचे कारण हेच. नाणे भट्टीत जाण्याआधी गाठायचे असे.

बेंगळुरूचे सरकारी संग्रहालय १८६५ मध्ये स्थापन झाले. एडवर्ड बाल्फर हे त्यामागचे प्रमुख नाव. आज कस्तुरबा रोडवर दिसणारी त्याची लाल इमारत १८७७ ची. या संग्रहातल्या म्हैसूरच्या नाण्यांची सूची कॅप्टन टफनेल यांनी तयार केली आणि ती १८८९ मध्ये प्रसिद्ध झाली. तारखा जोडून पाहा : बेंगळुरूची टांकसाळ १८४३ मध्ये बंद, सूची १८८९ मध्ये. मध्ये ४६ वर्षे. या ४६ वर्षांत जे भट्टीत गेले ते सूचीत येऊ शकत नव्हते. सूचीत आहे ते भट्टीतून वाचलेले. पुढे जे. आर. हेंडरसन यांनी १९२१ मध्ये हैदर आणि टिपू यांच्या नाण्यांवर पुस्तक लिहिले, तेही अशाच वाचलेल्या नाण्यांच्या आधारे.

४. पैसा हलका का होत गेला

वितळबिंदू जवळ आला की राज्यापुढे तीनच वाटा असतात : नाणे हलके करणे, धातू बदलणे, किंवा वितळवण्यावर बंदी घालणे. भारताच्या इतिहासात तिन्ही वाटा दिसतात.

पहिली वाट मुघलांनी घेतली. अकबराच्या काळी तांब्याचा दाम सुमारे २१ माशांचा होता. सतराव्या शतकात चांदीच्या तुलनेत तांबे महाग झाले. जड दाम पाडणे परवडेना. औरंगजेबाच्या कारकिर्दीच्या सुरुवातीच्या वर्षांत दामाचे वजन १४ माशांवर आणले गेले, म्हणजे एक तृतीयांश तांबे कमी. त्या काळी तांबे दुरूनही येत असे. डच कंपनी जपानी तांब्याच्या कांड्या कोरोमंडल किनाऱ्यावर आणून विकत असे. म्हणजे दक्षिणेतल्या बाजारातल्या छोट्या नाण्याचा संबंध जपानच्या खाणींशी होता.

पुढे इंग्रज कंपनीने तयार नाणीच समुद्रमार्गे आणली. बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत मॅथ्यू बोल्टन यांच्या वाफेच्या यंत्रांवर मद्रास इलाख्यासाठी १० व २० कॅशची तांब्याची नाणी पाडली गेली. १८०८ सालची अशी नाणी घेऊन निघालेले 'ॲडमिरल गार्डनर' हे जहाज जानेवारी १८०९ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच बुडाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस पाणबुड्यांनी त्यातली नाणी वर काढली. गंमत अशी, की बाजारात पोहोचलेली त्यांची भावंडे झिजली, वितळली, हरवली. आणि बुडालेली मात्र टिकली. हा मुद्दा आपल्याला शेवटी पुन्हा लागणार आहे.

ब्रिटिश भारतातही पैसा हलका होत गेला. १९०६ मध्ये शुद्ध तांब्याऐवजी कासे आले आणि पाव आण्याचे वजन १०० ग्रेनवरून ७५ ग्रेनवर आले. दुसऱ्या महायुद्धात तांबे ही युद्धसामग्री झाली. काडतुसांच्या पितळेलाही तेच लागते. लोकांचा नोटांवरचा विश्वास डळमळला आणि लोक नाणी दाबून ठेवू लागले. जून १९४० मध्ये सरकारने गरजेपेक्षा जास्त नाणी गोळा करणे गुन्हा ठरवले. पुढच्या महिन्यात एक रुपयाची नोट बाजारात आली. चिल्लरीची इतकी टंचाई झाली की काही संस्थानांनी कागदी कूपनेच सुटे पैसे म्हणून काढली. १९४३ मध्ये भोकाचा पैसा आला. भोक पाडले की तांबे वाचते आणि नाण्याचा घेर फार लहान करावा लागत नाही. तुमच्या घरच्या डब्यात भोकाचा पैसा असेल तर तो महायुद्धातल्या टंचाईचा दस्तऐवज आहे.

स्वातंत्र्यानंतर १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली. रुपयाचे १०० नवे पैसे झाले. पहिला नवा पैसा काशाचा होता, १.५ ग्रॅमचा. येथून पुढे दुसरी वाट, म्हणजे धातू बदलण्याची. १९६२ मध्ये तो निकेल-पितळेचा झाला. १ जून १९६४ पासून 'नवा' हा शब्द गेला. साठच्या दशकात धातूंचे भाव वाढत होते, म्हणून लहान नाणी ॲल्युमिनियमची होऊ लागली. १९६५ मध्ये एक पैशाचे चौकोनी ॲल्युमिनियमचे नाणे आले, ०.७५ ग्रॅमचे. अशा रीतीने पैशातून तांबे गेले. १९८८ पासून १०, २५ व ५० पैशांसाठी पोलाद वापरात आले. ३० जून २०११ पासून २५ पैसे व त्याखालची सर्व नाणी चलनातून बाद झाली. त्या दिवशी त्यांची दर्शनी किंमत शून्य झाली. उरली ती धातूची आणि आठवणीची.

पाठ्यपुस्तकात तुम्ही ग्रेशमचा नियम वाचला असेल : दोन नाणी एकाच दर्शनी किमतीने चालत असतील, तर कमी मोलाच्या धातूचे नाणे बाजारात राहते आणि जास्त मोलाचे घरात जाते. माणसे हलके नाणे दुकानदाराला देतात आणि जड नाणे ठेवून घेतात. यात लोभापेक्षा शहाणपण जास्त आहे. प्रत्येक घराने केलेली ही छोटी निवड मिळूनच नाणे चलनातून गायब होते.

५. कायदा काय म्हणतो

तिसरी वाट बंदीची. आधी, कायद्याच्या दृष्टीने नाणे म्हणजे काय? १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम २३० मध्ये नाण्याची व्याख्या आणि तिच्यासोबत उदाहरणे होती. त्यातल्या एका उदाहरणाचा आशय असा : शिक्का नसलेले तांब्याचे गोळे पैशाप्रमाणे वापरले जात असले, तरी ते नाणे नव्हेत. म्हणजे त्या काळी असे गोळे खरोखरच चालत होते. लोकांच्या लेखी तांबे हाच पैसा होता. कायद्याच्या लेखी शिक्क्याने पैसा होत होता. आपल्या संपूर्ण विषयाचे मूळ या फरकात आहे.

१९७१ मध्ये छोट्या नाण्यांबाबतच्या गुन्ह्यांचा स्वतंत्र कायदा झाला. नाणी वितळवणे त्याने गुन्हा ठरवले. पुढे २०११ च्या नाणे कायद्याने १९०६ चा नाणे कायदा, १९४० चा चलन अध्यादेश आणि १९७१ चा कायदा रद्द करून त्यांची जागा घेतली. आजही चलनात असलेले नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे गुन्हा आहे. त्यासाठी कैद आणि दंड होतो.

बंदी असूनही वितळवणे थांबत नाही, याचे जवळचे उदाहरण २००७ चे. पोलादाची भारतीय नाणी सीमेपलीकडे बांगलादेशात नेऊन त्यांची दाढीची पाती केली जातात, अशा बातम्या त्या वर्षी आल्या होत्या आणि कोलकात्यात सुट्या पैशांची टंचाई जाणवत होती. तांबे काढून पोलाद आणले तरी प्रश्न सुटला नाही. फक्त गिऱ्हाईक बदलले.

अमेरिकेतही हेच घडले. तिथल्या एक सेंटच्या नाण्यात १९८२ पर्यंत ९५ टक्के तांबे होते. त्या वर्षी जस्ताच्या चकतीवर तांब्याचा पातळ मुलामा असलेले नाणे आले. तांब्याचा भाव वाढल्यावर लोक साल पाहून जुने सेंट वेगळे काढू लागले. डिसेंबर २००६ मध्ये तिथल्या टांकसाळ विभागाने सेंट वितळवण्यावर बंदी घातली. तरी बंदी कधीतरी उठेल या आशेने माणसे पिंपे भरून सेंट साठवतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्यवहारासाठीचा सेंट पाडणेच थांबले. एक सेंट पाडायला एका सेंटहून कितीतरी जास्त खर्च येत होता.

आपल्या डब्याकडे परत येऊ. जी नाणी १०० वर्षांहून जुनी आहेत, ती १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली पुरावस्तू ठरतात. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर पाठवण्यास मनाई आहे. हत्तीची नाणी यात येतातच. पण लक्षात घ्या, १९१० चा पाव आणाही आता यात येतो. जमिनीत गाडलेले धन सापडले आणि त्याची किंमत १० रुपयांहून जास्त असली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. आणि "जुने नाणे द्या, लाखो रुपये घ्या" अशा जाहिरातींबद्दल : रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क किंवा कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असा इशारा बँकेने स्वतः ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. व्हिक्टोरियाचे पाव आणे कोट्यवधी पाडले गेले. त्यातला बहुतेक नमुना दुर्मिळ नाही.

६. इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातून काय घ्यावे

आपण नाण्यांना इतिहासाचे 'विश्वसनीय साधन' म्हणतो. बखरकार अतिशयोक्ती करतो, नाणे करत नाही, असे शिकवले जाते. हे एका नाण्यापुरते खरे आहे; पण नाण्यांच्या समूहाबद्दल ते तसेच खरे नाही. आपल्या हाती आलेला समूह आधीच चाळून आलेला असतो, आणि चाळणी असते धातूच्या भावाची.

सोने-चांदी लोकांनी पुरली, म्हणून तिचे साठे सापडतात. तांबे हातोहात फिरले, झिजले आणि भाव चढल्यावर वितळले. जड नाणी आधी वितळली, हलकी मागे राहिली. म्हणून एखाद्या संग्रहात एका राजाची हलकी नाणीच जास्त दिसली, तर 'त्याने हलकी नाणी पाडली' असा निष्कर्ष लगेच काढू नये. जड नाणी भट्टीत गेली नसतील ना, हे आधी विचारावे. तसेच एखाद्या टांकसाळीची नाणी कमी मिळतात म्हणून तिथे बाजार लहान होता, असेही म्हणता येत नाही. बुडालेल्या जहाजातली नाणी आठवा : जे वापरले गेले नाही ते टिकले. संग्रहालयातल्या संख्येवरून बाजारातली संख्या ठरवणे म्हणजे जहाजाच्या तळावरून बाजार पाहणे.

म्हणून त्या डब्याबाबत माझा सल्ला असा आहे. गुजरीवाल्याचा हिशेब चुकीचा नाही. पण तो भट्टीत संपतो. एक किलोचे ८०० रुपये एकदाच मिळतात, आणि शिक्का, वजन, टांकसाळ, सापडण्याची जागा हे सगळे त्याबरोबर कायमचे जाते. काही विकायचे असेलच तर कायदा पाहून विका, पण आधी पुढील गोष्टी करा :

• नाणी चिंचेने, लिंबाने किंवा पावडरीने घासू नका. हिरवट-काळा थर ही नाण्याची साल आहे. ती काढली की अक्षरे झिजतात आणि संग्राह्य किंमतही पडते.
• प्रत्येक नाण्याचे वजन करा. सोनाराच्या काट्यावर दशांश ग्रॅमपर्यंत वजन मिळते.
• दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून.
• नाणी कोणाची, कोणत्या घरात, कशासोबत ठेवलेली होती, हे घरातल्या मोठ्या माणसांना विचारून लिहून ठेवा. कपाटात कप्पे कसे होते, कोणती नाणी एकत्र बांधलेली होती, हेही लिहा.
• हत्तीचे किंवा शिवराईसारखे नाणे असेल तर जवळच्या संग्रहालयात किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागात दाखवा.

या यादीतली चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शिक्का नंतरही वाचता येईल. पण त्या डब्यात व्हिक्टोरियाच्या पैशाबरोबर हत्तीचे नाणे का होते, हे सांगणारी आजी कायम राहणार नाही. शंभर वर्षांनी तुमच्यासारखा एखादा विद्यार्थी बेंगळुरूच्या बाजाराचा इतिहास लिहायला बसेल, तेव्हा त्याला तांब्याच्या भावापेक्षा तुमच्या त्या चार ओळींचा उपयोग जास्त होईल.

सारांश

नाण्याला दर्शनी, धातूची आणि संग्राह्य अशा तीन किमती असतात. धातूची किंमत दर्शनी किमतीच्या वर गेली की लोक नाणे साठवतात किंवा मोडीत घालतात. यावर राज्ये नाणे हलके करतात, धातू बदलतात किंवा वितळवण्यावर बंदी घालतात. औरंगजेबाचा दाम, १९४३ चा भोकाचा पैसा, १९६५ चा ॲल्युमिनियमचा पैसा आणि २०११ चा नाणे कायदा ही या तीन वाटांची उदाहरणे आहेत. बेंगळुरूची टांकसाळ १८४३ मध्ये बंद झाली. तिच्या नाण्यांपैकी आज दिसतात ती भट्टीतून वाचलेली. म्हणून तांब्याच्या नाण्यांवरून निष्कर्ष काढताना काय टिकले याबरोबरच काय वितळले असेल, हाही प्रश्न विचारावा.

स्वाध्याय

१. तुमच्या घरी किंवा शेजारी असलेल्या एका जुन्या तांब्याच्या किंवा काशाच्या नाण्याचे वजन करा आणि आजच्या भावाने त्याची धातूची किंमत काढा. त्या नाण्याचा वितळबिंदू किती होता?
२. 'तांबे हाच पैसा' आणि 'शिक्क्याने पैसा होतो' या दोन भूमिकांतला फरक दंड संहितेतल्या उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.
३. एका संग्रहालयात एका टांकसाळीची फक्त पाच नाणी आहेत. यावरून तुम्ही कोणते निष्कर्ष काढाल आणि कोणते काढणार नाही? कारणे द्या.
४. तुमच्या मातृभाषेत नाण्यांच्या नावांवरून आलेले शब्द व म्हणी गोळा करा. त्यांतल्या किती तांब्याच्या नाण्यांच्या आहेत?